कुंपणावरून येणारा जावई

सकाळचा चहा पायरीवर ठेवून ती वडिलांच्या गमबुटांत पाय घालत होती, तेवढ्यात कुंपणावरून दगड आला.

कुणाला लागावा असा नाही आला. दोन्ही हातांनी उचलून फळीच्या वरून अलगद सोडून द्यावा, तसा आला आणि धप्पकन मातीत बसला. कोबीच्या गड्ड्याएवढा होता. थंडी नुकती सरली होती. माती अशी भुसभुशीत झाली होती की दगड पडल्याचा आवाजसुद्धा कुणी उशीवर डोकं टेकावं तसा आला.

तिनं गमबूट घातले. ते मोठे होत होते म्हणून पुढं कागदाचे बोळे कोंबले होते. दगड उचलून फाटकाजवळच्या ढिगावर नेऊन ठेवला, हात झटकले आणि चहा प्यायला बसली.

कुंपणापलीकडं शांतता. मग खोकला. मग फळ्यांच्या वर आधी टोपी उगवली आणि तिच्या पाठोपाठ जाड भिंगांचा चष्मा.

"काय गं पोरी, दगडबिगड आला का तिकडं?"

"आला काका."

"कुणी टाकला असेल?"

"तुम्हीच टाकलात. तुमच्याच बाजूनं आला."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. चाळिशी उलटलेल्या बाईला 'पोरी' म्हणणारा माणूस आता जगात हा एकच उरला होता, आणि तो दगड टाकत होता.

"बरं. मग तू काय केलंस?"

"ढिगावर ठेवला."

"ठेवला?" काकांचा आवाज चिरकला. "ठेवला म्हणजे? नुसता ठेवला?"

"हो. का? तुम्हाला हवा होता का परत?"

"मला? मला कशाला हवाय दगड?" काका म्हणाले. "ठेव बाई, ठेव. जगात माणसं काय काय करतात, तू दगड ठेव." आणि टोपी खाली गेली.

हे घड्याळकाका. चौकातल्या कपाटाएवढ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून त्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. गावातलं एकही घड्याळ त्यांच्या हातून सुटलं नव्हतं आणि दोन कधी सारखी वेळ दाखवत नव्हती, पण तो दोष काका घड्याळांच्या मालकांना देत. त्या बारीक स्क्रूंनी त्यांचे डोळे खाल्ले. आता दुकान बंद होतं आणि काका आपल्या परसात भाज्या लावत, तेही घड्याळ उघडल्यासारखंच: पट्टी धरून, दोरी ताणून, एक रोप दुसऱ्यापासून केसभर इकडं तिकडं नाही.

कुंपणाच्या अलीकडं तिचे वडील. ते बस चालवायचे, म्हणून गाव त्यांना 'ड्रायव्हर' म्हणायचं आणि तिला 'ड्रायव्हरची'. थंडीच्या शेवटी शेवटी ते गेले. सकाळी पाण्याचा पंप चालू केला, तो बंद करायला उठले नाहीत. काकांनी कुंपणावरून उडी मारून पंप बंद केला होता. त्या वयात उडी कशी मारली, हे काकांना स्वतःलाही सांगता येत नव्हतं.

आणि या गावची जमीन. हिच्यात बाकी काही पिको न पिको, दगड पिकतात. थंडीत जमीन आखडते, ऊन पडलं की सैल होते आणि पोटातले दगड वर ढकलते. मागच्या वर्षी परस चाळणीनं चाळल्यासारखं स्वच्छ केलेलं असलं तरी यंदा फावडं मारलं की खण्णकन वाजतंच. हे दगड टाकायचे कुठं, हा गावातल्या प्रत्येक घरापुढचा प्रश्न. कुणी रस्त्याकडेला टाकतं, कुणी ओढ्यात. ड्रायव्हर आणि घड्याळकाका ते एकमेकांकडं टाकत.

हे तिला ठाऊक नव्हतं. अठराव्या वर्षी ती शहरात गेली, तिथंच पुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली, आणि वसंतात घरी यायला तिला कधी जमलं नाही. ती यायची ती हिवाळ्यात, जेव्हा जमीन आणि माणसं दोन्ही गप्प असतात.

"तू दगड परत का टाकत नाहीस?" घड्याळकाकूंनी विचारलं. काकू त्याच दुपारी वाटी परत द्यायच्या निमित्तानं आल्या होत्या. वाटी त्यांचीच होती, पण हे दोघींपैकी कुणी बोललं नाही.

"कुठं टाकू काकू?"

"आमच्याकडं."

"तुमच्याकडं का म्हणून?"

"अगं, तुझ्याकडं आला म्हणून!" काकू पायरीवर बसल्या. "हे बघ. आमच्या ह्यांनी टाकायचा. तुझ्या बाबांनी ओरडायचं, 'कोण आहे रे तिकडं?' ह्यांनी उत्तर द्यायचं नाही. लपून बसायचं. मग हे आत आले, चहाला बसले, की तुझ्या बाबांनी टाकायचा. मग ह्यांनी कप खाली ठेवून ओरडायचं, 'कोण आहे रे तिकडं?' बाबांनी उत्तर द्यायचं नाही. दोन्हीकडची पेरणी झाली की बंद. समोर माणूस असताना टाकायचा नाही. आणि कबूल तर जन्मात करायचं नाही."

"किती वर्षं चाललंय हे?"

"माझं लग्न होऊन मी आले तेव्हा चालूच होतं. मला वाटलं इथली रीत असेल. मीपण सुरुवातीला दोन टाकले, तर दोघं मिळून माझ्यावर धावून आले, की बायकांनी यात पडू नये."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळं ते तिला नीट जमलं नाही.

"आणि आज तू तोंडावर म्हणालीस, तुम्हीच टाकलात," काकू पुढं म्हणाल्या. "जेवला नाही माणूस. 'कबूल करायला लावते मला,' म्हणाला, 'हिच्या बापानं कधी असं केलं नाही.' टाक गं बाई एखादा. तुझं काय जातंय?"

"काकू, दगड लागणार आहेत मला," ती म्हणाली. "फरशीखाली भरायला."

फरशीचं असं होतं. शहरातल्या दुसऱ्या टोकाला राहणारा तिचा भाऊ फोनवर म्हणाला होता, "परस कोण बघणार आता? तू तिकडं, मी इकडं. रान माजेल. फरशी घालून टाकू सगळीकडं, म्हणजे झाडायलाही सोपं." ती हो म्हणाली होती. त्या दिवसांत तिला कुणी काहीही विचारलं तरी ती हो म्हणत होती. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि कारण शोधायला घरभर फिरावं लागलं असतं.

फरशीसाठी गवंडी ठरवला. गाव त्याला 'उद्या' म्हणायचं, कारण काम विचारलं की तो तेच म्हणायचा. त्याच्या बापालाही लोक 'परवा' म्हणत. म्हणजे घराण्यात सुधारणा होती.

"खाली भर घालायला दगड लागतील ताई," उद्या म्हणाला होता. "परसातले जमवून ठेवा. उद्या येतो."

तेव्हापासून ती दगड जमवत होती, आणि तो येत नव्हता.

फरशीची बातमी काकूंनी घरी नेली. संध्याकाळ व्हायच्या आत टोपी कुंपणावर हजर.

"फरशी घालतेस म्हणे."

"हो काका."

"आणि दगड खाली भरणार? सगळे?"

"सगळे."

"म्हणजे ते परत वर यायचे नाहीत."

"नाही आले तर बरंच की."

काका थोडा वेळ फळीवर बोटं वाजवत राहिले. "त्या ढिगात पांढऱ्या पट्ट्याचा एक आहे का बघ बरं. पावासारखा. मधून पट्टा."

होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून कुंपणाशी आणला. बराच जड होता. काळा, गुळगुळीत, आणि मधोमध पांढरी रेघ, कंबरेला पट्टा बांधल्यासारखी. काकांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा आगगाडीच्या गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तसा झाला.

"हा बघ तुझ्या बाबांचा जावई."

"कोण?"

"जावई. ड्रायव्हर म्हणायचा, हा येतो तेव्हा कळवत नाही, येऊन बसला की उठवत नाही, आणि काही बोलायची सोय नाही. म्हणून जावई. मी त्याला सासरा म्हणतो, कारणं तीच." काकांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "किती वेळा गेला नि आला असेल. मी एकदा याला पार ओढ्यात नेऊन टाकला होता. तुझ्या बापानं दोन दिवस हुडकून आणला आणि माझ्या वांग्यांत ठेवला."

वडील फोनवर म्हणायचे, "काल जावई आले बरं का आपल्याकडं," आणि पुढं स्वतःच हसत सुटायचे. तिला वाटायचं, हा आपल्या लग्न न करण्यावरचा टोमणा आहे. ती विषय बदलायची. हवा कशी आहे विचारायची. दर वसंतात एकदा तरी ते हे म्हणाले असतील, आणि दर वसंतात तिनं हवा विचारली असेल.

"यालापण फरशीखाली घालणार?" काकांनी विचारलं.

"काका, दगड आहे तो."

"तर, तर," काका म्हणाले. "दगडच आहे. मी कुठं माणूस म्हणालो?"

दुसऱ्या दिवशी तिनं अवजारांची खोली आवरली. उद्या आला तर अडचण नको म्हणून. फावडी, झाऱ्या, फाटकी पोती, दोऱ्यांची गुंडाळी, सगळं बाहेर काढलं. कोपऱ्यात एका पोत्यात बटाटे होते, सुरकुतलेले, मऊ पडलेले, जांभळे कोंब फुटलेले. खाण्याजोगे राहिले नव्हते. तिनं पोतं दगडांच्या ढिगाशेजारी ओतलं, पुढं कधीतरी टाकून देऊ म्हणून. पाण्याच्या पिंपामागं एक लाकडी खोकं उपडं ठेवलेलं सापडलं. त्यावर बसून बसून मध्यभाग घासून चकचकीत झाला होता. तिथं बसून ना ऊन मिळे, ना रस्ता दिसे, ना परस. समोर नुसतं पिंप. वडील इथं बसून काय करत असतील, हे काही तिच्या लक्षात येईना. तिनं खोकं उचललं, पुन्हा होतं तिथं ठेवलं.

मग छापखान्यातून बोलावणं आलं म्हणून ती दोन दिवस शहरात गेली.

परत आली तर ढीग नाही.

एक खडा नाही. जिथं ढीग होता तिथली जमीन झाडून काढल्यासारखी स्वच्छ, आणि एकाच चाकाच्या गाडीची चाकोरी फाटकातून बाहेर पडून, वळण घेऊन, शेजारच्या फाटकातून आत गेलेली.

ती चाकोरीकडं बघत उभी असताना दूधवाली आली.

"काय शोधताय ताई?"

"दगड होते इथं. चोरीला गेले वाटतं."

"दगड?" दूधवालीनं चरवी खाली ठेवली. "दगड कोण चोरेल? आत सोनंबिनं होतं का?"

"नव्हतं."

"कसं सांगता? फोडून बघितले होते?"

घटकाभरात गावात झालं की ड्रायव्हरच्या परसात सोनं होतं. आणि त्याच दिवशी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, गवंडी आला. हातात थापी, खांद्यावर दोरी, अंगात धुतलेला सदरा.

"दगड कुठंत?" त्यानं विचारलं.

"चोरीला गेले."

उद्यानं थापी खाली ठेवली. "ताई, मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्या दिवशी आलो."

"तुम्ही पंधरवड्यापूर्वीचा दिवस सांगितला होता."

"तेच म्हणतो. आलो की नाही? आणि दगड नाहीत!" त्याला खरंच लागलं होतं. "आता मला खाणीवरून गाडी आणावी लागणार. बघतो. उद्या."

पलीकडं घड्याळकाका गुडघ्यांवर बसून माती थापटत होते. काल-परवापर्यंत जिथं वाटाण्याची रोपं होती तिथं एक नवा वाफा झाला होता. चांगला उंच. बाकीच्या वाफ्यांहून वीतभर वर, आणि पोट भरून जेवलेल्या माणसासारखा मधोमध फुगलेला.

"काय लावलंत काका?" तिनं कुंपणावरून विचारलं.

काका दचकले. "हं? हे होय? हे... बटाटे."

"वाटाणे काढून?"

"कंटाळा आला वाटाण्यांचा."

"बरेच लावलेत."

"लावले थोडे." काका मातीवर थापट्या मारत राहिले. वाफ्याच्या कोपऱ्यात माती जरा खचली होती आणि तिच्यातून काळ्यावर पांढरी रेघ डोकावत होती. काकांनी त्या रेघेवर गुडघा ठेवला.

तिनं ते पाहिलं. तिला विचारता आलं असतं. पण चोरी पकडली की दगड परत घ्यावे लागले असते, आणि दगड आले की फरशी. तिनं एवढंच म्हटलं, "पाणी घालत जा, काका. बटाट्याला पाणी लागतं."

"घालणार ना," काका ओशाळून म्हणाले. "न घालून सांगतो कुणाला."

आणि मग घड्याळकाकांना रोज सकाळी दगडांना पाणी घालावं लागलं.

एकदा बटाटे म्हटल्यावर सुटका नव्हती. गावात बटाट्याबद्दल मत नसलेला माणूस नाही. दूधवाली म्हणाली, एवढे दाट नका लावू. न्हाव्यानं राख टाकायला सांगितली, काकांनी राख टाकली. मास्तरीणबाई म्हणाल्या, माती भुसभुशीत ठेवा. काकांनी खुरपं जरा खोल घातलं तर आतून खण्णकन वाजलं.

"काय वाजलं हो?" मास्तरीणबाई.

"गुडघा," काका म्हणाले. "वयानं वाजतो."

काकूंनी एक दिवस कुंपणाशी येऊन हळूच विचारलं, "तुला माहितेय ना, काय आहे त्या वाफ्यात?"

"बटाटे," ती म्हणाली.

काकूंनी तिच्याकडं पाहिलं. "हं. मलाही तेच सांगितलंय. परवा पाऊस लागला तर रात्रीची टोपी घालून ताडपत्री टाकायला गेला. म्हणे, फार भिजले तर कुजतील. मी म्हटलं, नाही कुजायचे हो, जन्म गेला तरी नाही कुजायचे. तर माझ्यावरच डोळे वटारले."

तिलाही त्याची सवय लागली. सकाळी चहा घेऊन पायरीवर बसायचं, कोवळं ऊन पायांवर घ्यायचं, दूधवालीचं ऐकायचं, आणि मग कुंपणाशी जाऊन विचारायचं, "काका, अजून काही दिसेना?"

"वेळ लागतो."

"हो, पण इतका?"

"काही जाती उशिराच्या असतात," काका झारी ओतता ओतता म्हणत. "घाई करून चालत नाही. तुझ्या बापाचंही असंच. घाई. उजाडलं की पंप चालू, पंप..." आणि ते थांबत. झारी रिकामी झालेली असे, तरी ते ती तशीच धरून उभे राहत. मग ती हवेबद्दल काहीतरी विचारी.

रजा संपत आली. भावाचा फोन आला, फरशीचं काय झालं. ती म्हणाली, उद्या.

आणि एका सकाळी तिचा चहा गाळून व्हायच्या आत दारावर थापा पडल्या. काका. एका पायात चप्पल, दुसरा मोकळा. टोपी नाही. टोपीवाचूनचे काका तिनं कधी पाहिले नव्हते. सोललेले दिसत होते.

"पोरी, बाहेर ये. ओरडू नकोस. कुणाला सांगू नकोस."

"काकूंना काही झालं का?"

"तिला काय होतंय! अगं..." काकांनी इकडं तिकडं पाहिलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. "दगडांना कोंब आलेत."

"कशाला?"

"दगडांना! बटाटे नाहीत ते. दगड आहेत. तुझेच. मी नेले. तू शहरात गेलीस त्या संध्याकाळी नेले. म्हटलं, दगड नसले तर फरशी कशी घालेल? घरात ठेवू देईना ही, अंगणात ठेवले तर गाव बघणार. दगड लपवायला जमिनीसारखी जागा नाही. म्हणून पुरले. मी चोर आहे, तू काय वाटेल ते म्हण, पण आधी बघ. माझे डोळे गेलेत, मला काहीतरी भलतंच दिसतंय का ते बघ."

जन्मात कबूल करायचं नाही असं ठरलेलं सगळं त्यांनी एका दमात कबूल करून टाकलं आणि ते दाराला धरून उभे राहिले.

ती गेली. वाफ्यात, दोरी धरल्यासारख्या सरळ ओळीत, पण मधे मधे जागा सोडून, गडद हिरवे झुबके वर आले होते. पानं अजून चुरगळलेली, मातीचे कण अंगावर घेऊन. काका मागं उभे राहून कुजबुजत होते, "राख टाकली म्हणून असेल का? मी न्हाव्याला म्हटलं होतं, फार होईल."

ती खाली बसली. एका झुबक्याभोवतीची माती बोटांनी बाजूला केली. आधी दगड लागला. मग त्याला टेकून, सुरकुतलेला, मऊ, त्याच्याच आकाराचा बटाटा. त्याच्या डोळ्यातून जांभळा देठ वर गेला होता.

"बटाटा आहे काका."

"मीही तेच सांगत होतो लोकांना!" काका म्हणाले. मग त्यांचं तोंड उघडं राहिलं. "खरा?"

"खरा. ढिगाशेजारी मीच ओतले होते. अंधारात तुम्हाला दगड कुठला नि बटाटा कुठला दिसलं नसेल."

"पण तुझ्याकडं बटाटे आले कुठून?"

"बाबांचे. पोत्यात होते. मला वाटलं खराब झाले."

"खराब?" काका तिच्याशेजारी बसले. गुडघे खरोखरच वाजले. "अगं वेडे, ते लावायचे होते. तो दर वर्षी चांगले निवडून बाजूला ठेवायचा, कोंब यायला. मला म्हणाला होता थंडीत, यंदा पूर्ण परस बटाट्यानं भरणार आणि तुझ्याहून मोठे काढणार. पोतं ओतून टाकलंस?"

ती मातीत हात तसाच ठेवून बसली होती. ऊन मानेवर येऊ लागलं होतं. बटाटा हाताला गार लागत होता आणि वरचं पान उबदार.

"आता काय," काका उठत म्हणाले. डोळे पुसत होते, पण आवाज हळूहळू पूर्ववत होत होता. "आलेत तर आलेत. चांगले पोसतो. माझ्या वाफ्यात आलेत म्हणजे माझेच म्हणायचे."

"काय म्हणालात?" ती म्हणाली.

"माझे. पाणी कुणी घातलं? राख कुणी टाकली?"

"दगडांना घातलंत पाणी! बटाट्यांना नाही!"

"पण प्यायले कोण?"

"काका, माझ्या बाबांचे बटाटे आहेत ते!"

हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की रस्त्यावर दूधवालीची चरवी थांबली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, तिलाही नाही. छापखान्यात चुका तपासतानाही ती पेन्सिल हळू टेकवायची.

"मग पोत्यातून ओतलेस कशाला?" काकाही चढले.

"मला माहीत नव्हतं म्हणून ओतले! कुणी सांगितलं होतं मला? तुम्ही सांगितलंत? दगडांबद्दल तोंड भरून बोललात, बटाट्यांबद्दल एक अक्षर नाही!"

"तू विचारलंस कुठं? तू कधी वसंतात आलीस तर विचारशील ना!"

यावर ती गप्प होईल असं काकांना वाटलं आणि ते घाबरले. ती गप्प झाली नाही.

"नाही आले!" ती ओरडली. "नाही आले ते नाही आले! आता आलेय ना? द्या माझे बटाटे! मुळासकट काढून द्या, मातीसकट. एक पान मोडलं तर बघा!"

"आणि नेऊन लावशील कुठं? फरशीत?"

नेमक्या याच वेळी फाटकाशी बैलगाडी थांबली, काठोकाठ दगडांनी भरलेली, आणि वर बसलेला उद्या कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "ताई, आणले बघा! म्हणालो होतो ना?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. काका, काकू, दूधवाली, उद्या, बैलसुद्धा.

"फरशी नको," ती म्हणाली.

"नको?"

"नको. बटाटे लावायचे आहेत."

उद्यानं गाडीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. "मग एवढ्या दगडांचं मी काय करू?"

घड्याळकाकांनी कुंपणावरून मान पुढं काढली आणि त्या ताज्या, कधीही कुणी न फेकलेल्या दगडांकडं, लग्नाच्या पंगतीत वाढपी जवळ येताना बघावं तसं, बराच वेळ बघितलं.

"उतरव तिच्याकडं," ते शेवटी म्हणाले. "असू देत. लागतात."

बटाटे काढून झाले. निम्मे तिच्याकडं आले, निम्मे काकांनी भांडून ठेवून घेतले. दगड त्यांच्या वाफ्यातून निघाले ते नियमाप्रमाणं कुंपणाशी जमा झाले. भावाला तिनं फोनवर सांगितलं की रजा वाढवली आहे. त्यानं कारण विचारलं. तिच्याकडं कारण होतं, ते तिनं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "जावई आहे का अजून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडिलांच्या गमबुटांत परस खणत होती. कागदाचे बोळे आता पायाला सवयीचे झाले होते. मातीला वास येत होता. झाडावर पाखरं कलकलत होती. आणि वाफ्याच्या टोकाला, जिथं काल काही नव्हतं, तिथं काळा, गुळगुळीत, पांढऱ्या पट्ट्याचा दगड येऊन बसला होता. कळवल्याशिवाय. कधी आला ते तिलाही कळलं नव्हतं.

तिनं फावडं टेकवलं. पलीकडून काकूंचा आवाज आला, "अहो, चहा झाला." चपला घराकडं गेल्या. कपाची किणकिण झाली.

तिनं दोन्ही हातांनी जावयाला उचललं, फळीवर टेकवलं, काकांची रोपं कुठं आहेत ते नीट बघितलं, मोकळ्या मातीचा अंदाज घेतला आणि सोडून दिलं. धप्प.

मग ती पिंपाकडं पळाली. पिंपामागं उपडं खोकं होतं. ती त्याच्यावर बसली आणि तिला कळलं की इथं बसलं की कुंपणावरून काही म्हणजे काही दिसत नाही.

कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग पलीकडून, अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा, खणखणीत, हिवाळ्यापासून कोंडून ठेवलेला आवाज आला:

"कोण आहे रे तिकडं?"

तिनं तोंडावर हात दाबला आणि उत्तर दिलं नाही.